डेलिरियमला मराठी शब्द

उल्का शेवडे यांना शब्द उकलून बघायची खोड नागपुरातच लागली होती. तिथल्या एका मुलींच्या शाळेत त्या संस्कृत शिकवायच्या, आणि फळ्यावर शब्द लिहिला की त्याचा धातू काढून दाखवल्याशिवाय पुढे सरकायच्या नाहीत. लग्न होऊन गुरुनाथरावांबरोबर शिकागोजवळच्या शॉमबर्गला आल्या, तेव्हा त्यांच्या व्हिसाला ‘डिपेंडंट’ म्हणायचे. नोकरी करायची परवानगी नव्हती. रिकाम्या दुपारी लायब्ररीत बसून त्यांनी तो शब्दही उकलला. मूळ लॅटिन, अर्थ कशाला तरी धरून लोंबकळणं. संध्याकाळी गुरुनाथराव ऑफिसातून आल्यावर त्यांनी ते सांगितलं.

“म्हणजे मी तुम्हाला लोंबकळतेय.”

“लोंबकळ की,” गुरुनाथराव बूट काढत म्हणाले, “मी कुठे पडतोय.”

पुढे ग्रीन कार्ड झालं, अनिका झाली, मोठी झाली, फिजिओथेरपी शिकून जॉर्जियात अल्फारेटाला नोकरीला लागली. घर शांत झालं तेव्हा उल्काताईंनी पन्नाशीत एक कोर्स केला, हॉस्पिटलमध्ये दुभाष्याचं काम करण्याचा. डॉक्टर इंग्रजी बोलणार, पेशंट मराठी किंवा हिंदी, आणि मध्ये उल्काताई. त्या कोर्समध्ये वैद्यकीय शब्दांची लॅटिन मुळं शिकवायचे. बाकीचे विद्यार्थी कंटाळून फोन बघत बसत. उल्काताईंना मात्र माहेरी आल्यासारखं झालं. ‘मसल’ या शब्दाचं मूळ ‘लहान उंदीर’ आहे हे कळलं त्या दिवशी त्या घरी येईपर्यंत गाडीत एकट्याच हसत होत्या. दंडाचा स्नायू हलतो तो रोमन लोकांना कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसला. आपल्याला बेडकी दिसली, म्हणून आपण बेडकुळी म्हणतो. त्यांचा उंदीर, आपला बेडूक. शॉमबर्गच्या मराठी मंडळातल्या प्रत्येकाने ही गोष्ट त्यांच्याकडून निदान एकदा तरी ऐकलेली होती.

काम त्यांना आवडलं आणि जमलंही. इथे येणारे मराठी पेशंट बहुतेक मुलांकडे राहायला आलेले आईवडील असत. हिवाळाभर हीटर लावलेल्या घरात बसून बसून कंटाळलेले. हॉस्पिटलच्या खोलीत आपली भाषा बोलणारी बाई दिसली की त्यांचा चेहरा सैल पडायचा. ‘काकू, तुमचं गाव कुठलं?’ अशी सुरुवात करायचा मोह उल्काताई आवरायच्या, कारण दुभाष्याचे नियम कडक होते. बोललेलं सगळं सांगायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. पेशंटने विचारलेला प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोचवायचा, स्वतः उत्तर द्यायचं नाही. आणि एखादा शब्द नीट कळला नाही तर हात वर करून, थांबवून विचारायचं. हा शेवटचा नियम त्यांनी कधी वापरला नव्हता. तशी वेळच आपल्यावर येत नाही, असं त्यांना वाटायचं, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमान होता.

त्या जानेवारीत त्र्यंबकराव वाकचौरे बर्फावरून घसरून पडले. राहुरीकडे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांचा जन्म गेला होता. मुलगा सुमंत इथे आयटीत होता, त्याच्याकडे ते आणि सुनेत्राबाई सहा महिन्यांसाठी आले होते. सुमंत कंपनीच्या कामाला रेडमंडला गेलेला. सुनेने, आरोहीने, “बाबा, बाहेर आइस आहे, प्लीज जाऊ नका,” असं बजावलं होतं. पण कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नुसताच उभा आहे हे त्र्यंबकरावांना सकाळपासून बघवत नव्हतं. तो आत आणायला म्हणून ते गेले आणि घरासमोरच्या ड्राइव्हवेवर आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी मात्र ते वेगळंच बोलायला लागले.

उल्काताईंना वर बोलावलं तेव्हा आरोही लेकीला डे-केअरमधून आणायला गेली होती. खोलीत सुनेत्राबाई एकट्या होत्या. सत्तरीच्या, सुती साडीवर सुनेचं जाड जॅकेट, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली. पलंगावर त्र्यंबकराव हाताला लावलेली सलाइनची नळी उपसायला बघत होते, आणि नर्स त्यांचा हात हळूच बाजूला करत होती.

“दार टाका,” ते म्हणत होते. “खालचं दार टाका म्हटलं ना. पाणी वाया चाललंय सगळं. कुणाची पाळी आहे?”

त्यांची नजर सुनेत्राबाईंवरून फिरली आणि न ओळखता पुढे गेली.

डॉक्टर तरुण होती. दाराशीच उभी राहून भरभर बोलत होती. ऑपरेशननंतर या वयात असं पुष्कळदा होतं. याला डेलिरियम म्हणतात. येतं-जातं, बहुतेकदा काही दिवसांत निवळतं. त्यांच्याशी बोलत राहा, चष्मा आणि कानाचं यंत्र लावा, ओळखीचा आवाज कानावर पडू द्या.

उल्काताईंच्या कमरेला लावलेलं पेजर थरथरलं. खाली इमर्जन्सीत कुणीतरी वाट बघत होतं. डेलिरियम हा शब्द त्यांनी शंभरदा ऐकला होता, पण सांगायची वेळ पहिलीच. वात? उन्माद? बरळणं? एकही नीट बसेना. क्षणभर त्यांचा हात वर जायला आला होता. ‘दुभाष्याला या शब्दाचा खुलासा हवा आहे,’ एवढंच म्हणायचं होतं. पण डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं, आणि उल्काताई बोलून गेल्या.

“डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर असं होतं. ते भ्रमिष्ट झालेत.” मग बाकीचं सगळं नीट सांगितलं. येतं-जातं, निवळतं, बोलत राहा, चष्मा, कानाचं यंत्र. एकही गोष्ट गाळली नाही.

सुनेत्राबाईंनी मान वर केली. डॉक्टरकडे बघत, अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, “म्हणजे वेड लागलं का?”

हा प्रश्न इंग्रजीत करून डॉक्टरला द्यायला हवा होता. डॉक्टर तीन हातांवर होती. पण ती दाराबाहेर पाऊल टाकतच होती, पेजर पुन्हा थरथरलं, आणि उल्काताईंनी स्वतःच उत्तर दिलं.

“तसंच काहीसं. पण बरं होईल.”

सुनेत्राबाईंनी मान हलवली. उल्काताई लिफ्टकडे निघाल्या. त्या बाईंचा चेहरा ‘तसंच काहीसं’ म्हटल्यावर मिटून गेला, हे त्यांनी पाहिलं होतं. लिफ्टमध्ये ते त्यांना जाणवलंही. पण खाली एका मुलाच्या पोटात दुखत होतं, त्याची आई हिंदीत रडत होती, आणि त्यानंतर आणखी कुणी होतं.

पुढच्या आठवड्यात त्र्यंबकरावांना रिहॅबला, म्हणजे पुन्हा चालायला शिकवणाऱ्या केंद्रात, हलवायचं ठरलं, तेव्हा त्या मीटिंगला पुन्हा उल्काताईंना बोलावलं. सुमंत रेडमंडहून परत आला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्र्यंबकराव शांत होते, पण गुंगीत असल्यासारखे. मधूनच विचारत, “सुनेत्रा कुठंय?”

“बाहेर आहे, बाबा,” सुमंत सांगायचा. थोड्या वेळाने ते पुन्हा विचारायचे.

सोशल वर्करने विचारलं की घरी नेलं तर दिवसभर जवळ कोण असेल. उल्काताईंनी ते मराठीत केलं, आणि सुमंतने त्यांच्याकडेच वळून मराठीत उत्तर दिलं, इंग्रजी येत असूनही. कदाचित हे इंग्रजीत सांगायची त्याला लाज वाटत असावी.

“घरी नाही नेता येणार, काकू. आई त्यांच्याजवळ जात नाही. कॉरिडॉरमध्ये बसते, दिवसभर बसते, पण आत येत नाही. मी विचारलं तर म्हणते, वेड लागलेल्या माणसाजवळ माझ्याच्यानं बसवत नाही. मी म्हटलं, आई, कोण म्हणतं वेड लागलं? तर म्हणते, डॉक्टरांनीच सांगितलं, त्या मराठी बाईंनी मला समजावून सांगितलं.” तो थांबला. “तुम्हीच होतात ना त्या दिवशी?”

“हो,” उल्काताई म्हणाल्या.

“मग तुम्ही एकदा बोलाल का तिच्याशी? माझं ऐकत नाहीये यार ती... सॉरी, काकू. मी इथे नव्हतो ना, म्हणून हे सगळं झालंय.”

सोशल वर्कर भाषांतराची वाट बघत होती. उल्काताईंनी सुमंतचं बोलणं इंग्रजीत केलं. ‘मराठी बाईंनी’ हे शब्दसुद्धा केले, कारण नियम तसा होता. पण त्या बाई आपण आहोत आणि आपण काय बोललो, हे त्यांनी सांगितलं नाही. आवाज नेहमीसारखा सरळ राहिला. याचंच त्यांना नंतर सगळ्यांत जास्त वाईट वाटत राहिलं, की आवाज सरळ राहिला. त्र्यंबकराव त्या दुपारी रिहॅबला गेले. कॉरिडॉरमधून जाताना सुनेत्राबाई भिंतीला लागून उभ्या राहिल्या, स्ट्रेचर पुढे गेल्यावर मागून चालू लागल्या, आणि उल्काताई जिन्याने खाली उतरल्या. लिफ्टपाशी त्या भेटल्या असत्या.

शनिवारी सकाळी गुरुनाथराव पोहे करत होते आणि उल्काताई टेबलापाशी लॅटिनचा जाडा शब्दकोश उघडून बसल्या होत्या. इतक्या शब्दांची मुळं खणली, आणि हा एक, डेलिरियम, कधी पाहिलाच नव्हता. डे म्हणजे पासून, बाहेर. लीरा म्हणजे नांगराने शेतात काढलेली ओळ. नांगर धरणाऱ्याचा नांगर ओळीतून बाहेर गेला, वाकडा गेला, की रोमन लोक त्याला हे क्रियापद वापरायचे. तोच शब्द मग माणसाच्या मनाला लागला.

वेड नाही, भ्रमिष्टपणा नाही. नांगर मोडलेला नाही, बैल मेलेला नाही. ओळ सुटली, एवढंच. शब्दात ते लिहून ठेवल्यासारखं होतं, आणि मुळं शोधणारी म्हणून मिरवणाऱ्या बाईने त्या वेळी ते पाहिलं नव्हतं.

त्यांनी अनिकाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, नाव न घेता.

“आई, दॅट्स नॉट वेड,” अनिका म्हणाली. “हिप सर्जरीनंतर सो कॉमन आहे. आय सी इट ऑल द टाइम. फॅमिली जवळ असली की पेशंट लवकर बरा होतो. यू नो धिस.”

“आता कळलं.”

“अँड द वाइफ इज स्टेइंग अवे? बिकॉज ऑफ दॅट वर्ड?”

“शब्दामुळे नाही गं. तिने डॉक्टरला विचारलं होतं. उत्तर मी दिलं.”

पलीकडे अनिका हळूच म्हणाली, “आई, यू हॅव टू टेल देम.”

“माझी नोकरी जाईल.”

“मे बी,” अनिका म्हणाली.

गुरुनाथरावांनी पोह्यांची बशी समोर ठेवली. ते खुर्ची ओढून शेजारी बसले. पोहे निवले.

सोमवारी उल्काताई आपल्या सुपरवायझरकडे, मारिसोलकडे गेल्या. मारिसोल स्वतः वीस वर्षं स्पॅनिश दुभाषी होती. तिने सगळं ऐकून घेतलं. उल्काताई सांगताना कारणंही सांगत होत्या, पेजर वाजत होतं, डॉक्टर घाईत होती. मारिसोलने मध्येच थांबवलं.

“शब्द एखाद्या वेळी चुकू शकतो,” ती म्हणाली. “पण तिने तुला विचारलं नव्हतं. तो प्रश्न तिचा आणि डॉक्टरचा होता. तो तू घेतलास.”

“हो.”

“आणि नंतर, मुलाने विचारलं तेव्हा?”

उल्काताईंनी मान खाली घातली.

मारिसोलने नोकरी काढून घेतली नाही. लेखी नोंद केली, काही दिवस एकट्याने काम न करण्याची अट घातली, आणि सांगितलं की डॉक्टर आणि कुटुंब दोघांसमोर हे सांगावं लागेल. सुमंतला फोन मारिसोलनेच केला. सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं की इतके दिवस का लागले.

रिहॅब सेंटरमध्ये कुटुंबांना बसायला एक लहानशी खोली होती. मोठ्या खिडकीबाहेर पार्किंग लॉटच्या कडेने मळकट बर्फाचे ढीग. तिथे ती तरुण डॉक्टर आली होती, मारिसोल होती, सुमंत आणि सुनेत्राबाई. या वेळी दुभाषी म्हणून फोनवर दुसरीच मराठी बाई होती. उल्काताई दुभाषी नव्हत्या. खुर्चीत बसून हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

डॉक्टरने डेलिरियम म्हणजे काय ते सावकाश सांगितलं. मेंदू आजारपणाने, औषधांनी, अनोळखी जागेने गोंधळतो. हे वेड नाही. फोनवरची बाई ते मराठीत करत होती. तिने काही शब्द शोधला नाही, सरळ सांगितलं, “काही दिवसांसाठी त्यांचं भान सुटलेलं आहे, ते परत येतंय.” इतकं सोपं होतं ते. भान सुटणं. उल्काताईंच्या घरातल्या रोजच्या बोलण्यातला शब्द.

मग सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“त्या दिवशी तुम्ही विचारलंत, वेड लागलं का,” उल्काताई सुनेत्राबाईंना म्हणाल्या. “तो प्रश्न मी डॉक्टरांना सांगितलाच नाही. स्वतःच म्हटलं, तसंच काहीसं. ते खोटं होतं. माझ्यामुळे तुम्ही...”

फोनवरची बाई डॉक्टरसाठी ते इंग्रजीत करत होती.

“मी तुम्हाला नव्हतं विचारलं,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं.”

“हो.”

“मला वाटलं, त्यांना विचारलंय आणि त्याच बोलतायत तुमच्या तोंडून.”

उल्काताईंनी मान हलवली. त्यांच्या कामाचं याहून नेमकं वर्णन त्यांनी कुठल्या वर्गात ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकायला मिळालं ते अशा वेळी.

सुनेत्राबाई आता कुणाकडेच न बघता बोलत होत्या. “माझी एक आत्या होती माहेरी. भ्रमिष्ट झाली म्हणायचे. मागच्या खोलीत ठेवलेली. आम्हा पोरांना जवळ जायची बंदी. तिचं ताट द्यायला मला पाठवायचे, मी उंबऱ्यातनं काठीनं आत सरकवायचे. ती म्हणायची, ये की गं आत. मी पळून यायचे. तुम्ही तो शब्द बोललात आणि मला ती खोलीच दिसली. ह्यांनी एकदा हात पुढं केला होता माझ्याकडं. मी मागं सरले.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “तुमच्या शब्दानं सरले, पण सरले तर मीच ना.”

सुमंत उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

उल्काताईंना काहीतरी द्यावंसं वाटलं, आणि त्यांच्यापाशी देण्यासारखं एकच होतं. त्यांनी त्या शब्दाचा अर्थ सांगितला. जुन्या लॅटिन भाषेतला शब्द आहे, शेतातला. नांगर ओळ सोडून बाहेर गेला, असा. सांगताना त्यांना स्वतःचाच राग येत होता, की अजून आपण शिकवतोच आहोत. पण सुनेत्राबाईंनी ऐकलं.

“तासाबाहेर गेलं औत,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“नांगराची ओळ म्हणजे तास. आमच्याकडं असंच म्हणतात. बैल बुजला की जातं तासाबाहेर. त्याला मारत नाहीत मग, हाक मारतात.” त्या फोनकडे वळल्या आणि डॉक्टरकडे बोट दाखवून म्हणाल्या, “डॉक्टरीणबाईंना विचारा, मी आता ह्यांच्याजवळ गेले तर चालेल का. ह्यांना राग येईल का माझा?”

फोनवरच्या बाईने प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत केला. डॉक्टर म्हणाली, जा. आत्ताच जा. त्यांना नावाने हाक मारा, तुम्ही कोण ते सांगा, आज काय वार आहे ते सांगा.

“नावानं?” सुनेत्राबाईंनी विचारलं. मुलाकडे पाहिलं. “मी कधी घेतलं नाही त्यांचं नाव.”

“घे, आई,” सुमंत खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला.

त्या गेल्या. त्र्यंबकरावांची खोली समोरच होती, आणि दार उघडंच राहिलं. या बाजूला बसलेल्यांना आधी नुसती साडीची सळसळ ऐकू आली. मग खूप वेळाने, चाचरत, “त्र्यंबकराव,” आणि लगेच, “अहो, मी आहे. गुरुवार आहे आज.” त्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. उल्काताईंना तिथे थांबायचं कारण नव्हतं. त्यांनी कोट घातला. सुमंत दारापर्यंत आला. त्यांनी ‘येते’ म्हटलं, त्यावर त्याने फक्त मान हलवली.

त्यानंतर उल्काताई कामावर जात राहिल्या. आधी मारिसोलबरोबर, मग एकट्या. आता त्या थांबवायच्या. हात वर करून, “दुभाष्याला खुलासा हवा आहे,” असं सरळ म्हणायच्या, कधी एकाच भेटीत चार-चार वेळा. काही डॉक्टर वैतागायचे. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नवीन माणूस भेटला तरी त्यांनी उंदराची गोष्ट सांगायचं टाळलं. आरोहीच्या एका मैत्रिणीकडून त्यांच्या कानावर आलं की त्र्यंबकराव घरी आलेत, वॉकर घेऊन चालतात, बोलणं साफ झालंय. गुरुनाथराव म्हणाले, “झालं ना मग नीट.” उल्काताईंना ते पटलं नाही. तो माणूस पलंगावरून बायकोला शोधत होता आणि ती भिंतीपलीकडे बसली होती, ते दिवस कुणी परत आणून देणार नव्हतं.

मार्चच्या शेवटी, बर्फ गेल्यावर, हॉस्पिटलच्या लॉबीत ते दोघे समोर आले. शेवटचा एक्स-रे काढायला आले असावेत. सुमंत गाडी आणायला गेला होता. त्र्यंबकराव वॉकर धरून उभे होते, सुनेत्राबाई शेजारी. उल्काताई वळून दुसऱ्या दाराने जाणार होत्या, तेवढ्यात त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव त्र्यंबकरावांनी वाचलं.

“शेवडे? मराठी दिसता. कुठल्या तुम्ही?”

“नागपूरच्या.”

“वा. मी इथं होतो भरती होऊन. तुम्ही भेटला असाल, मला काही आठवत नाही. सगळं पुसलंय.” ते वॉकरवर हात बदलत बोलत होते, गप्पांना आसुसलेले. “एवढंच आठवतं, ही रागावली होती माझ्यावर. लांब राहायची. का ते सांगत नाही. मी म्हणतो, कचऱ्याच्या डब्यावरनं असेल.”

सुनेत्राबाई जमिनीकडे बघत होत्या.

उल्काताईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं. सांगू का, असं तोंडाने विचारलं नाही, पण थांबल्या. सुनेत्राबाईंनी मान वर केली आणि नाही म्हटलं नाही.

“त्या रागावल्या नव्हत्या, काका,” उल्काताई म्हणाल्या. “तुम्हाला वेड लागलंय असं त्यांना सांगितलं गेलं होतं. मी सांगितलं होतं. डॉक्टर तसं म्हणाल्या नव्हत्या.”

त्र्यंबकराव ऐकत राहिले. त्यांच्या कपाळावर आठी पडली, मग हळूहळू गेली.

“वेड,” ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. “आणि तुला ते खरं वाटलं.”

“वाटलं,” सुनेत्राबाई म्हणाल्या.

“मग तू रोज कशाला यायचीस? सुमंत म्हणाला, बाहेर बसायचीस दिवसभर, जेवायला उठायची नाहीस.”

“मग कुठं जायचं होतं?” सुनेत्राबाई म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी वॉकरवरचा एक हात काढून त्यांच्या मनगटावर ठेवला. तोल जाईल म्हणून सुनेत्राबाईंनी लगेच दुसऱ्या हाताने त्यांचं कोपर धरलं. तसेच दोघे उभे राहिले. उल्काताईंकडे कुणी रागाने पाहिलं नाही, आणि काही हरकत नाही, असंही कुणी म्हणालं नाही. बाहेर सुमंतची गाडी येऊन थांबली. सरकतं दार उघडलं, थंड वारा आत आला, आणि ते दोघे एकेक पाऊल टाकत निघाले.

उल्काताई तिथेच थांबल्या. त्र्यंबकराव गाडीत बसेपर्यंत, सुमंतने वॉकर घडी करून मागे ठेवेपर्यंत त्या बघत होत्या. सुनेत्राबाईंनी बसण्याआधी एकदा मागे वळून काचेतून आत पाहिलं. त्यांना उल्काताई दिसल्या की नुसतं काचेतलं आभाळ दिसलं, ते सांगता येत नाही. त्यांनी दार लावून घेतलं.

पुढचा पेशंट तिसऱ्या मजल्यावर होता. अमरावतीकडच्या एक आजी, डोळ्याचं ऑपरेशन. उल्काताई वर गेल्या, हात धुतले, आणि पलंगाशेजारी डॉक्टर आणि आजी दोघांना दिसेल अशा जागी उभ्या राहिल्या. आजींनी त्यांचा हात धरून विचारलं, “बाई, मला दिसंल ना?”

उल्काताई डॉक्टरकडे वळल्या आणि प्रश्न विचारला.